मिरीच्या चाकातली हवा

एक होती उंदरी. इवलीशी, काळी काळी, मिरीच्या दाण्यासारखी. म्हणून तिचं नाव मिरी.

मिरीची एक सायकल होती. लाल लाल. पुढे घंटी. ट्रिंग ट्रिंग.

आज टेकडीची सायकल-शर्यत. मिरीची पहिलीच. या शर्यतीला रस्ता नव्हताच. दगड होते. चढ होता. घसरण होती.

टेकडीवरचं ऊन खाली खाली उतरणार. पायथ्याच्या वडाशी पोचलं, की शर्यत सुटणार.

मिरी निघाली. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

फुस्स्स.

चाकात गेला काटा. हवा गेली उडून. चाक बसलं खाली.

आई म्हणाली, "राहू दे गं राणी. पुढच्या वर्षी जा."

मिरी म्हणाली, "नाही. मी आजच जाणार."

मिरीनं सायकल ढकलली. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. गेली साळूकाकांकडे. साळूकाका म्हणजे साळिंदर. ते पंक्चर काढायचे. पाठीवर काटेच काटे, म्हणून ट्यूब नेहमी पोटाशी धरायचे.

"साळूकाका, साळूकाका, पंक्चर काढा.
काका काढतील पंक्चर,
चाक फुगेल टम्म,
मिरी जाईल शर्यतीला."

काका म्हणाले, "काढतो की. पण चिकटवू कशानं? डिंक संपला. बाभळीचा डिंक आण, मग काढतो."

ऊन होतं टेकडीच्या माथ्यावर. मिरी म्हणाली, "मी आजच जाणार."

पुढे दगडच दगड. खडखड खडखड, खडखड खडखड. मिरी सायकल ढकलत गेली बाभळीकडे.

"बाभूळआजी, बाभूळआजी, डिंक दे.
बाभूळ देईल डिंक,
काका काढतील पंक्चर,
चाक फुगेल टम्म,
मिरी जाईल शर्यतीला."

बाभूळ म्हणाली, "कसला डिंक नि कसलं काय. ती शेळी बघ, माझ्या फांद्या ओढते. सगळे काटे पडतात वाटेवर. तुझ्या चाकात गेला, तो माझाच. आधी शेळीला हटव, मग देते."

ऊन आलं कड्यावर. मिरी म्हणाली, "मी आजच जाणार."

पुढे चढच चढ. हुश्श हुश्श, हुश्श हुश्श. मिरी गेली शेळीकडे. शेळीच्या तोंडात होती बाभळीची फांदी.

"शेळीमावशी, शेळीमावशी, फांदी सोड.
शेळी सोडील फांदी,
बाभूळ देईल डिंक,
काका काढतील पंक्चर,
चाक फुगेल टम्म,
मिरी जाईल शर्यतीला."

शेळी म्हणाली, "बेंऽऽ. मला काय काटे आवडतात? जीभ बघ माझी. पण खाऊ काय? गवत वाळलं. गवत हिरवं होऊ दे, मग सोडते."

ऊन आलं करवंदीच्या जाळीवर. मिरी म्हणाली, "मी आजच जाणार."

पुढे घसरणच घसरण. सर्र सर्र, सर्र सर्र. मिरी गेली गवताकडे. गवत होतं पिवळं, मान टाकून बसलेलं.

"गवतभाऊ, गवतभाऊ, हिरवा हो.
गवत होईल हिरवं,
शेळी सोडील फांदी,
बाभूळ देईल डिंक,
काका काढतील पंक्चर,
चाक फुगेल टम्म,
मिरी जाईल शर्यतीला."

गवत म्हणालं, "मला बोलायलाही घसा नाही गं. कोरडा पडलाय. ओढ्याचं पाणी येऊ दे, मग होतो."

ऊन आलं आंब्यावर. मिरी म्हणाली, "मी आजच जाणार."

पुढे वाळूच वाळू. फसक फसक, फसक फसक. मिरी गेली ओढ्याकडे. ओढा एका मोठ्या दगडामागे अडून बसला होता.

"ओढेबाबा, ओढेबाबा, पाणी दे.
ओढा देईल पाणी,
गवत होईल हिरवं,
शेळी सोडील फांदी,
बाभूळ देईल डिंक,
काका काढतील पंक्चर,
चाक फुगेल टम्म,
मिरी जाईल शर्यतीला."

ओढा म्हणाला, "पाणी पुष्कळ आहे. वाट कुठे आहे? खेकड्याला सांग. दगड हटव म्हणावं, मग देतो."

खेकडा दगडापाशीच होता. ढकलत होता. दगड काही हलत नव्हता.

"खेकडेदादा, खेकडेदादा, दगड हटव.
दादा हटवील दगड,
ओढा देईल पाणी,
गवत होईल हिरवं,
शेळी सोडील फांदी,
बाभूळ देईल डिंक,
काका काढतील पंक्चर,
चाक फुगेल टम्म,
मिरी जाईल शर्यतीला."

खेकडा म्हणाला, "दमली नाही का गं तुझी जीभ, एवढं बोलून? हा दगड इथला नाहीच. तुझ्या साळूकाकांनी आणून ठेवला. म्हणाले, शर्यतीची वाट कोरडी हवी, लेकरांचे पाय भिजतील."

मिरीनं दगडाकडे पाहिलं. मग उन्हाकडे पाहिलं. ऊन आंब्यावरून उतरलं होतं.

खेकडा म्हणाला, "मी एकटा आहे. माझ्याबरोबर कोण ढकलणार?"

मिरीनं सायकल आडवी ठेवली.

"मी," ती म्हणाली.

"मग तू सरळ ढकल. मला आडवंच येतं."

मिरी ढकलते सरळ. खेकडा ढकलतो आडवा. हुश्श हुश्श. हुश्श हुश्श.

दगड हलला. डुगडुग, डुगडुग, गडगड, धप्प.

दगड हटला बाजूला.
ओढ्यानं दिलं पाणी, खळखळ खळखळ.
गवत झालं हिरवं, सळसळ सळसळ.
शेळीनं सोडली फांदी, बेंऽऽ.
बाभळीनं दिला डिंक, चिकट चिकट.
आणि मिरी धावली साळूकाकांकडे, खुडुक खुडुक खुडुक.

काका म्हणाले, "आणलास? शाबास. पण पाय कशानं गं भिजले?"

"ओढा सुटला काका. दगड आम्ही ढकलला."

काकांनी मान खाजवली. बोटाला काटा टोचला. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही लहान आहात."

"लहानच आहोत," मिरी म्हणाली. "पंक्चर काढा ना."

काकांनी पंक्चर काढलं. हवा भरली. फुस फुस, फुस फुस.

"टम्म भरा हं काका."

"टम्म नको. दगडावर टम्म चाक उड्या मारतं. जरा मऊच बरं."

ऊन आलं वडाशी. शर्यत सुटली.

दगड आले. खडखड खडखड. मिरीला माहीत होते.
चढ आला. हुश्श हुश्श. मिरीला माहीत होता.
घसरण आली. सर्र सर्र. मिरीला माहीत होती.

मग आला ओढा. ससा पुढे होता, तो थांबला. खारुताई थांबली. मुंगूस थांबला.

ससा म्हणाला, "इथे पाणी कुठून आलं? पाय भिजतील."

मिरी म्हणाली, "भिजतात. मग वाळतात. या माझ्या मागून."

छपाक.

मिरीच्या मागे ससा, छपाक. सशामागे खारुताई, छपाक. खारुताईमागे मुंगूस, छपाक.

पलीकडे चिंच. चिंचेखाली शर्यत संपली. सगळ्यांत आधी घंटी वाजली लाल सायकलची. ट्रिंग ट्रिंग.

साळूकाका पंचा घेऊन उभे होते. म्हणाले, "ये, पाय पुसून देतो."

मिरी म्हणाली, "एवढ्यात नको काका. मी परत एकदा जाणार."

छपाक.

गोष्ट उतरली टेकडीवरून, तुम्ही उतरा मांडीवरून.