फाटकावरचे झाकलेले गृहस्थ

आमच्या वृंदाआत्याने पन्नाशी उलटल्यावर हट्टाने पोहायला शिकून घेतलं आणि तारकर्लीच्या सहलीसाठी अख्खी सांगली पालथी घालून मनासारखा पोहण्याचा सूट आणला. बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत. "मला असंच मोकळं वाटतं," एवढंच तिचं म्हणणं.

रिसॉर्टच्या तलावात ती उतरणार, तोच मालक पेडणेकरशेठ तरातरा आले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले, "मॅडम, अंगभर झाकून उतरायला ही काय गावची विहीर आहे? आमच्या रिसॉर्टची शोभा जाते. नीट कॉस्च्युम घाला, नाहीतर बाहेर व्हा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने कमी घातलं तरी बोलणार हेच, जास्त घातलं तरी बोलणार हेच! मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याने माझा हात दाबला.

"शेठ, कापड तर पोहण्याचंच आहे ना?"

"कापडाचं नाही हो, झाकण्याचं म्हणतोय मी!"

"बरं, जाते मी," आत्या शांतपणे म्हणाली. "पण तुमच्या फाटकावर स्कूबाच्या जाहिरातीत एक गृहस्थ गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या सूटमध्ये उभे आहेत, अंगठा वर करून. आधी त्यांना खाली उतरवा. मी आजच आलेय, ते तर बारा महिने तुमची शोभा घालवतायत."

सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. बोर्डावर हसत उभे होते ते खुद्द पेडणेकरशेठच.

शेठ काही बोलायच्या आत आत्याने पाण्यात सूर मारला.