दोन बोटं वर ठेवून धरलेलं टिपरू

आमच्या लेझीम पथकाच्या चिटणीस वैजयंताबाई तीन दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणे, स्मरणिकेत काहीतरी बोधपर लिहा, हलगीचं टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, कसं निवडावं ते पोरांना कळेल. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडून बोध कशाला हवा? मोबाईलवर बोट दाबलं की डझनानं टिपरी घरपोच येतात. पण बाई उठेनात, आणि चहा तरी किती वेळा टाकायचा. म्हणून लिहितो. पुन्हा विचारायला यायचं नाही.

एकदा एक वस्ताद होता. पंचक्रोशीत त्याच्या हलगीला जोड नव्हती. जत्रेच्या कुस्त्यांना तो मैदानात उतरला की पैलवानांच्या आधी बघणाऱ्यांचे दंड फुरफुरत. तेव्हा कर्णे नव्हते, कानठळ्या नव्हत्या. ताक-हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास आणि त्यावर हलगीचा कडकडाट, एवढ्यावर माणसं दिवसभर उन्हात बसत. आता तसलं ऊनही पडत नाही. शेवटची मोठी कुस्ती त्याच्याच हलगीवर लागे. तो मान त्याच्या वाडीचा होता.

वस्तादाचं टिपरू बाभळीचं, लाटण्याएवढं जाड, मुठीपाशी चिंधी गुंडाळलेलं. ते धरताना त्याची करंगळी आणि शेजारचं बोट ताठ वर राहत. वाजवून वाजवून बोटं अशी झाली, ही साधना आहे, असं सगळे मानत. त्यामुळे त्याच्या एकूण एक चेल्यांचं टिपरू जाड, प्रत्येकाच्या टिपऱ्याला चिंधी, आणि प्रत्येकाची दोन बोटं वर. परगावची माणसं बोटं बघून ओळखत, हे अमक्या वाडीचे.

त्यातला एक चेला केरसुण्या बांधून पोट भरी. अंगानं किडकिडीत, पण बोटं भलती चपळ. वस्ताद थकला तेव्हा त्यानं याला सांगितलं, "औंदा मैदानात तू उभा ऱ्हा."

चेल्यानं सराव धरला. अर्ध्या तासात मनगट भरून येई, आणि जत्रा तीन दिवसांवर आली तेव्हा ते वांग्यासारखं सुजलं. मोठी कुस्ती चालू असताना हलगी थांबली तर पुढच्या वर्षीपासून मान शेजारच्या गावाला जाणार, असं पंचांनी बोलूनच ठेवलं होतं. पिढ्यांचा मान आपल्या हातून जाणार म्हणून याला अन्न गोड लागेना. शेवटी तो वस्तादाकडे गेला.

वस्ताद अंगणात काटक्यांच्या जाळावर, कातडं ताणावं म्हणून, हलगी शेकत बसला होता.

"वस्ताद, तुमचं टिपरू द्या. तुमच्या हाताचा गुण उतरलाय त्यात."

वस्तादानं कोनाड्यातून टिपरू आणलं, कपाळाला लावलं आणि सरळ जाळात टाकलं.

चेल्यानं विस्तवात डावा हात घातला. त्याचा डाग अजून आहे माझ्या पंज्यावर... असू द्या, कळलं तर कळलं.

"आवं वस्ताद! काय केलंत हे!"

"हलगी शेकतोय. लाकूड चांगलं वाळलं हुतं."

"तीस वर्सांचं टिपरू!"

"गप. माझी बोटं ताठ कशानं झाली?"

"वाजवून वाजवून..."

वस्ताद खोकला येईपर्यंत हसला. "येड्या, गुऱ्हाळात चरकात घावली ती. ऊस लावताना. तवापासनं वळत न्हाईत. बारीक टिपरू निसटायचं, म्हणून जाड केलं, चिंधी बांधली. पकड कच्ची, म्हणून खांद्यातनं मारायला शिकलो. माझं दुखणं हुतं ते. तुम्ही त्याचं घराणं करून बसला!"

"मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाई?"

"पाया पडाय समदे येतात. इचाराय कोण येतं?" त्यानं जाळ सारखा केला. "आन् खरं सांगू? दहा जण आपल्यागत बोटं वर करून वाजवत्यात, हे बघून मला बी बरं वाटायचं. चूक माझी बी हाय. ती आज जाळली."

मग त्यानं सरपणातल्या चार काटक्या काढल्या, कोयत्यानं वीत-दीड वीत तोडल्या आणि म्हणाला, "डोळं मीट. समदी बोटं खाली घे आन् वाजीव."

पहिली हातात आली. मी म्हणालो, "जड हाय." दुसरी. "उडतीया." तिसरी. "टोक बोचतंय." चौथीवर मी बराच वेळ वाजवत राहिलो आणि म्हणालो, "वस्ताद, आता ठेका चढवू का?"

"डोळं उघड. ह्या खेपंला टिपऱ्याचं काय बोलला न्हाईस, ठेक्याचं इचारलंस. हेच तुझं. केरसुणी बांधणाऱ्याचा हात हाय तुझा, मनगटातनं चालतो. त्याला माझा खांदा कशाला पायजे?"

ती काटकी बोराची होती, करंगळीएवढी. मनगटाला हळद-तुरटीचा लेप लावून मी ती घेऊन मैदानात उभा राहिलो. मोठी कुस्ती वीस मिनिटं चालली. हलगी थांबली नाही. मान वाडीतच राहिला.

तेव्हा पोरांनो, थोराच्या हातात काय आहे ते बघा, पण ते तिथं का आलं हेही विचारा.

एवढ्यावर गोष्ट संपवा असं बाई म्हणतात. पण त्या दिवशी आमच्यातलाच एक जुना चेला, टिपरू जळाल्याचं कुठूनसं ऐकून, भर मैदानात उठून ओरडला होता, "ह्यानं वस्तादाचं टिपरू जाळलं! गुरुद्रोही हाय ह्यो!" वस्ताद स्वतः काठी टेकत आखाड्यात आला, "मी जाळलं," म्हणाला, का जाळलं तेही सांगितलं. साऱ्या जत्रेनं ऐकलं, यानंही ऐकलं. चाळीस वर्षं झाली, रोज देवळापाशी भेटतो, तंबाखू मागतो, पण चुकलो म्हणून एक शब्द नाही. धडधाकट बोटं अजून वर धरतो. त्याचं नाव छापायचं नाही, असंही बाई म्हणतात. का नाही छापायचं? घ्या, छापा त्याचं नाव: महिपती तात्याबा अवघडे.