धार लावलेला पट्टा

एकदा एक म्हातारे वस्ताद आपल्या आयुष्यातला शेवटचा चित्रपट करायला उभे राहिले. दांडपट्टा फिरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मारधाडीच्या चाळीसेक चित्रपटांत त्यांनी खलनायकांना पळता भुई थोडी केली होती. आता वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरणारे. पण ही कथा मुलाच्या खुन्याला शोधून काढणाऱ्या बापाची होती, म्हणजे म्हाताऱ्यालाच शोभणारी.

खलनायकाच्या कामासाठी वस्तादांनी हट्टाने सर्जेरावाला बोलावून घेतले, तेव्हा त्यांचा शिष्य हिंदुराव हादरलाच. वीस वर्षांपूर्वी एका जत्रेतल्या खेळात वस्तादांचा एकुलता एक मुलगा गळ्यावर लिंबू ठेवून आडवा झाला होता. लिंबू कापायचे, कातडीला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, असा तो खेळ. पट्टा वस्तादांच्याच आखाड्यातल्या सर्जेरावाच्या हाती होता. वार चुकला आणि मुलगा जागीच गेला. तेव्हापासून गाव सर्जेरावाला खुनी म्हणत आले. वस्तादांनी मात्र त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

त्या मौनाचा अर्थ हिंदुरावाने आपल्या परीने लावला. वस्तादांना सूड हवा आहे, तोंडाने मागवत नाही, एवढेच! शिष्याने गुरूचे मन ओळखावे हे खरे. पण आपण ते ओळखले आहे असे वाटणे फार सोपे असते. शस्त्रे सांभाळण्याचे काम त्याच्याकडेच होते. शेवटच्या प्रसंगाच्या सकाळी त्याने चित्रीकरणाचा पत्र्याचा बोथट पट्टा पेटीत टाकला आणि त्याच्या जागी आखाड्यातला खरा, स्वतः धार लावलेला पट्टा ठेवला. वार बसेल, लोक अपघात म्हणतील आणि गुरुदक्षिणा दिल्यासारखे होईल, असा त्याचा बेत होता.

कॅमेरा सुरू झाला. सर्जेराव गुडघे टेकून, मान पुढे करून बसला. वस्तादांनी पट्ट्याच्या लोखंडी मुठीत हात घातला आणि ते थबकले. एकदा त्यांनी हिंदुरावाकडे पाहिले. मग मुठीतून हात काढून पट्टा त्यांनी चक्क सर्जेरावाच्या हाती दिला, चहावाल्याकडून एक लिंबू मागून घेतले आणि ते स्वतःच्या गळ्यावर ठेवून जमिनीवर आडवे झाले. दिग्दर्शक "कट, कट" म्हणून ओरडत राहिला.

"उचल," वस्ताद म्हणाले. "मी 'हं' म्हटलं की फिरव. आखाड्याची रीत इसरला नाहीस न्हवं?"

"वस्ताद, वीस वर्सं काठीसुदीक धरली न्हाई मी," सर्जेराव कसाबसा म्हणाला. पट्टा पत्र्याचाच आहे असे तो समजत होता. इतक्या वर्षांनी वजनातला फरक त्याला कळला नाही. तरी त्याचा हात थरथरत होता.

हिंदुराव दोन पावले पुढे आला आणि अडला. बोलावे तर साऱ्यांदेखत आपण खुनी ठरणार, आणि न बोलावे तर पाते त्या गळ्यावर उतरणार. वस्ताद डोळे मिटून पडले होते. 'हं' म्हणेनात आणि उठेनातही.

"थांबा!" तो किंचाळला. "पट्टा खरा हाय! म्या धार लावलीया!"

सर्जेरावाने हात असा झटकला की पट्टा दूर जाऊन पडला. हिंदुराव वस्तादांच्या पायांशी कोसळला. "तुमच्यासाठीच केलं, वस्ताद. ह्यानं तुमचं पोर मारलं."

वस्ताद उठून बसले. "मुठीत हात घातला तवाच वजन कळलं मला. मी 'हं' म्हणणारच नव्हतो. तुझ्या तोंडातनं काय निघतंय ते ऐकायचं होतं." मग ते सर्जेरावाकडे वळले. "तुला बोलावलं ते हे सांगायलाच. आज ह्यो जिथं उभा होता, तिथं त्या दिवशी मी होतो. तू तापानं फणफणला होतास. हात असाच थरथरत होता, आणि मला तो दिसत होता. 'थांबा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण लोक टाळ्या पिटत होते, माझ्या आखाड्याचं नाव होत होतं. पोरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, तवा त्यानं 'हं' म्हटलं."

ज्यांना आपण इतकी वर्षे देव मानले, त्यांना आज पहिल्यांदाच पाहतो आहोत, असे हिंदुरावाला वाटले आणि त्याला रडूही येईना.

"एवढं सांगायला वीस वर्सं लावली व्हय, वस्ताद?" सर्जेरावाचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्या लेकीचं लगीन मोडलं. आईला खांदा द्यायला गावातलं कुणी आलं न्हाई."

"लावली," वस्ताद म्हणाले. "तुला खुनी म्हणत होते, तवर मला कुणी काय इचारत नव्हतं." आणि त्यांनी हात जोडले.

सर्जेरावाने ते जोडलेले हात धरले नाहीत. पण तो निघून गेलाही नाही.

सूड घ्यायला निघालेल्याने आधी एवढे आठवून पाहावे, की ते घडत होते तेव्हा आपण कुठे उभे होतो आणि गप्प का राहिलो.