दगडाचं आभाळ

मोहसावंगीत आलात तर घरं बघत बसू नका, घरं सगळीकडे सारखीच. उंबरे बघा. दगडी उंबरा असेल तर त्याच्या वरच्या अंगाला, कोपऱ्यात, चुन्याचा पांढरा ठिपका दिसेल, करंगळीच्या टोकाएवढा. तसाच पाट्याच्या कडेला, तसाच उखळाच्या ओठावर, विहिरीच्या काठावरच्या एकेका चिऱ्यावर. बाहेरचे लोक म्हणतात, नजर लागू नये म्हणून केलं असेल. नजरेचा यात काही संबंध नाही. मोहसावंगीत याला 'आभाळ लावणं' म्हणतात. जमिनीतला दगड हलवायच्या आधी त्याची जी बाजू वर होती तिला चुना लावायचा. मग तो दगड कुठंही न्या, बसवताना ठिपका वर. एका कंत्राटदाराने शाळेची पायरी ठिपका खाली घालून बसवली होती, तर बायांनी कामावर जाऊन ती उखडायला लावली आणि उलटून पुन्हा बसवून घेतली. त्याला हसू आलं होतं. बायांना नाही आलं.

ही चाल गवराबाईनं घातली, असं सांगतात.

गवराबाई म्हणजे ज्यानं हे गाव वसवलं त्या देवबा पाटलाची बायको. देवबानं दहा-बारा घरं सोबत घेऊन या माळावर वस्ती केली आणि पहिलाच उन्हाळा त्याच्या मुळावर आला. विहीर खणता खणता कातळाची कपार अंगावर ढासळली. विहिरीला पाणी लागलं नाही ते नाहीच. मरताना त्यानं गवराबाईचा हात धरून एवढंच मागितलं म्हणे, की या गावच्या चुली विझू देऊ नको. तिनं शब्द दिला. शब्द देणं सोपं असतं. पाणी होतं कोसावरच्या नाल्यात, तेही माघ सरला की आटायचं. मग झरे उकरायचे, वाटीनं पाणी भरायचं. अशी किती वर्षं गेली, आणि देवबाचा धाकटा भाऊ उमाजी पाटील झाला तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं, येत्या अक्षय्यतृतीयेला वस्ती हलवायची. नदीकाठी जागा बघून ठेवली होती. माणसं खुशीत होती. एकटी गवराबाई सोडून.

"तुम्ही जा भाऊजी," ती म्हणाली, "माही चूल इथंच राहीन."

"एका चुलीचं गाव होत नसते वहिनी."

"एका चुलीनंच सुरू झालं होतं. पहिली पेटली ते माहीच."

उमाजी वाईट माणूस नव्हता. त्याला पोराबाळांच्या तोंडाला पाणी हवं होतं. पण गवराबाईशी बोलणं म्हणजे बाभळीला टेकून बसणं, असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

त्याच फाल्गुनात गावात साहेब आला. नाव मॅकॉर्ड. वऱ्हाडी जिभेनं त्याचं माकोडे करून टाकलं, आणि चार दिवसांत लोक त्याला विचारू लागले, की कुठल्या माकोड्यांपैकी तुम्ही? हा साहेब इतरांसारखा नव्हता. त्याचा बाप तिकडे थंड मुलखात खाणीत दगड फोडायचा, आणि पोरगा बापानं फोडलेल्या दगडाच्या आत काय निघतं ते बघत बसायचा. इकडे तो सडका बांधायच्या कामावर आला, पण सडक एकीकडे आणि साहेब एकीकडे. कमरेला हातोडी, डोक्यावर तागाची टोपी, आणि खांद्याला पिशवी. त्या पिशवीत चुन्याची डबी. गावाला वाटलं, साहेब पान खातो. पान तो खात नव्हता. दगड काढायच्या आधी चुन्यात बोट बुडवून दगडाला ठिपका लावायचा, मग हातोडी मारायचा.

त्याचं भांडण त्याच्याच जातभाईंशी होतं म्हणतात. मोठमोठे विद्वान साहेब म्हणत, ही काळ्या दगडाची सगळी भुई एका दमात ओतली गेली, जमिनीतून आग उसळली, थंड झाली, संपलं. माकोडे साहेब म्हणायचा, नाही. आग आली, थंड झाली, वर पाऊस पडला, तळी झाली, तळ्यात गोगलगाई झाल्या, काठाला झाडं झाली, आणि कितीतरी काळानं पुन्हा आग आली. असं कितीदा तरी. ही भुई एका दिवसाची नाही, ती जळत आणि निवत आली आहे. त्याला वेड्यात काढलं. पुरावा आण म्हणाले. पुरावा होता मोहसावंगीच्या टेकडीवर. तिथं काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा पांढुरका पट्टा आहे, आणि त्यात दगड झालेले शंख. टेकडीवर शंख कुठून आले, हे गावाला ठाऊकच होतं: टेकडी शंखाई देवीची, शंख शंखाईचे. त्यात विचारायचं काय?

गवराबाईनं त्याला विचारलं ते वेगळंच. ती टेकडीवर गेली, तो ठिपके लावत बसला होता तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, तुले दगडाच्या पोटातलं दिसते म्हणतात. पाणी दिसते काय?"

साहेबाचं मराठी पुण्याच्या कुणा मुन्शीकडून शिकलेलं, सोवळं. तो म्हणाला, "मला पाणी दिसत नाही, बाई. परंतु पाणी कोठे थांबत असावे, हे कदाचित सांगता येईल."

मग त्यानं मातीत काडीनं रेघा ओढून दाखवलं. वरच्या कातळाच्या भेगांतून पावसाचं पाणी उतरतं. पांढरा पट्टा चिकट मातीचा, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी पट्ट्यावरून सरकतं, पट्टा जिकडे कलला असेल तिकडे. तो कल कळला की विहीर कुठं खणायची ते कळेल. त्यासाठी टेकडीतला पट्टा नीट मोजावा लागेल, एकेक दगड जागचा जागी बघून. गवराबाईला सगळं नाही समजलं. एवढं समजलं की याचं काम झालं की आपलं काम होईल. तिनं त्याला भाकरी धाडायला सुरुवात केली. देवबाची विहीर चुकीच्या जागी होती, कष्टात खोट नव्हती, हेही तिला तेव्हाच कळलं, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा देवबासाठी मोकळी रडली, असं सांगतात.

पुढं साहेबाला हिवताप आला. तो तंबूत पडून राहिला, चैत्र उजाडला, अक्षय्यतृतीया जवळ आली. गवराबाईचा जीव वरखाली व्हायला लागला. आणि मग तिनं ते केलं जे मोहसावंगीची बाई करील. साहेबाचं काम आपणच उरकून टाकू म्हणाली. गावातल्या बाया गोळा केल्या, पहारी घेतल्या, टोपल्या घेतल्या. नाल्याच्या अंगाला जिथं साहेबानं पट्टा उघडा केला होता, तिथला एकेक दगड उपटला. साहेबाला कष्ट नकोत म्हणून सगळे दगड नाल्याच्या झऱ्यात धुतले. देवीचे म्हणून हळदकुंकू वाहिलं. आणि साहेब प्रत्येक दगडाला चुन्याची तीट लावतो, नजर लागू नये म्हणूनच लावत असणार, तर आपण कसं विसरायचं? म्हणून बायांनी कमरेच्या पानाच्या चंच्यांतला चुना काढून दगडादगडाला तीट लावली. वर लावली, खाली लावली, जिथं शोभेल तिथं लावली. एकीनं तर एका दगडाला दोन डोळे आणि एक नाक काढलं. मग ते सगळे दगड तंबूपुढं उतरंडीसारखे रचले. लहान वर, मोठे खाली.

साहेब काठी टेकत बाहेर आला. त्यानं तो ढीग बघितला. बाया कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

गवराबाई त्याच्यासमोर बसली. "काय चुकलं ते सांग," म्हणाली. "रडू नको. सांग."

तेव्हा त्यानं सांगितलं. एक दगड उचलला, हातात फिरवला. "हा ठिपका तीट नव्हे, बाई. हा दगड जमिनीत होता तेव्हा आकाश त्याच्या कोणत्या बाजूला होते, त्याची ही खूण. शंख तळ्यात मेला, तळाशी बसला, वर गाळ बसला. काय आधी झाले आणि काय नंतर, हे दगडाला ठाऊक असते. आकाश कोणीकडे होते तेवढे विसरले, की तो मुका झाला."

गवराबाई ढिगाकडे बघत राहिली. नाल्याकडचा भाग तर आता ढासळून गेला होता, तिथं मोजायला काही उरलं नव्हतं. इतके दगड, आणि सगळे मुके. तिनंच केले होते. तिची चूल, देवबाला दिलेला शब्द, साहेबाचं सगळ्या आयुष्याचं भांडण, सगळं तिनं नाल्याच्या पाण्यात धुऊन टाकलं होतं, वर कुंकू लावून. दुसरी एखादी पदर तोंडाला लावून घरी गेली असती.

ती उठली आणि म्हणाली, "असा पट्टा अजून कुठं दिसते?"

साहेबानं टेकडीच्या माथ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एकच जागा होती. शंखाईच्या पाठीमागं. शंखाई म्हणजे शेंदूर फासलेली एक शिळा, पट्ट्याला टेकून उभी, त्याच पट्ट्यातून कधीकाळी सुटलेली. तिला हलवल्याशिवाय मागचं दिसणार नव्हतं. साहेब महिनाभर टेकडीवर होता, पण त्या शिळेला त्यानं बोट लावलं नव्हतं.

गाव जमलं. सोनबा गुरव पूजेचा मानकरी, तो आडवा झाला. आई जागची हलली तर गाव उठेल म्हणाला.

"गाव तसंही उठूनच राहिलं ना," गवराबाई म्हणाली. "अक्षय तिजेला कोण हाय इथं तिले दिवा लावाले? तू?"

सोनबा बाजूला सरकला. तोही नदीकाठी जाणारच होता, त्याचं गाठोडंही बांधून तयार होतं.

मग गवराबाई शिळेपुढं बसली आणि तिनं नवस बोलला. लोक तो अजून तोंडपाठ म्हणतात. "आई, मी तुले जागची हालवतो. जशी होती तशी बसवीन, तुह्यं आभाळ चुकू देणार नाही. आणि आजपासून या गावचा एकही दगड आभाळ लावल्याबिगर हालणार नाही. ज्यानं हालवला तो माह्या वंशाचा नाही. कोप करायचा तर माह्या एकटीवर कर." आणि आपल्या चंचीतला चुना काढून तिनं शिळेच्या माथ्यावर ठिपका लावला. शेंदरावर पांढरा ठिपका. म्हणे त्या वेळी टेकडीवर वारा थांबला. वारा थांबला असेल किंवा माणसांनी श्वास रोखले असतील, कुणाला माहीत.

शिळा बाजूला घेतली. मागं पट्टा जसाच्या तसा, कुणाची पहार न लागलेला. साहेब तिथं पालथा पडून मोजत राहिला. खाली काळा कातळ, त्यावर शंखांचा पट्टा, शंख निजलेले जसे तळ्याच्या तळाशी निजतात तसे, आणि वर पुन्हा काळा कातळ. दोन आगींच्या मध्ये एक तळं. त्याचा पुरावा त्याला मिळाला. आणि पट्टा कलला होता तो पूर्वेला, गवराबाईच्याच वावराकडे.

उठून त्यानं शिळेची मागची बाजू बघितली, जी आजवर कुणी बघितली नव्हती. त्या बाजूला शंख तर होतेच, मधोमध एक अख्खा मासा होता, खवल्याखवल्यानिशी. ती शिळा नेली असती तर समुद्रापार त्याचं नाव झालं असतं, एकही विद्वान तोंड उघडू शकला नसता. गावाला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. उमाजी पाटील पुढं सरकायला निघाला होता, पण गवराबाईनं हातानं अडवलं. ती साहेबाकडे बघत राहिली.

साहेबानं त्या माशाचं चित्र काढलं. संध्याकाळ होईतो काढत होता. मग स्वतः खांदा देऊन शिळा जागेवर बसवली, मासा पट्ट्याकडे, ठिपका आभाळाकडे.

"बसली का नीट?" त्यानं विचारलं.

"बसली," गवराबाई म्हणाली. "आता जेवून घे."

अक्षय्यतृतीयेला गाव हललं नाही, गवराबाईच्या वावरात विहीर धरली. काळा कातळ लागला तेव्हा माणसं थकली, टोमणे मारू लागली, की साहेब बोलून चालून साहेब, आपल्यातला खरा माकोडे असता तर बरं झालं असतं. पण कातळ फुटला, आणि खाली पांढुरकी माती दिसायच्या आधीच तिच्यावरचं पाणी वर आलं. उमाजी पाटील स्वतः आत होता. भिजून वर आला आणि वहिनीच्या पाया पडला. ती म्हणाली, "माह्या नको पडू. ओले पाय घेऊन घरात येऊ नको, आत्ताच सारवलं."

साहेबानं पुढं बरंच काही लिहिलं म्हणतात. आधी लोक हसले, मग गप्प बसले, मग त्याचंच म्हणणं पोरांना शिकवू लागले. ते त्याला बघायला मिळालं की नाही, कोण जाणे. कितीतरी वर्षांनी त्याच हिवतापानं तो छावणीच्या गावी वारला. गोऱ्यांच्या दफनभूमीत त्याला पुरलं. मोहसावंगीला वर्षभरानं कळलं. गवराबाई तेव्हा म्हातारी झाली होती, तरी बैलगाडी जुंपायला लावून गेली. कबर सापडली. वर घडीव दगड होता, नाव कोरलेला, गुळगुळीत. तिनं तो चहूबाजूंनी बघितला.

"सगळं केलं," म्हणाली, "आभाळ लावायचं राहिलं याचं." आणि कमरेची चंची सोडून तिनं चुन्याचा ठिपका लावला.

आजही मोहसावंगीचं माणूस दवाखान्याला किंवा कोर्टाच्या तारखेला त्या गावी गेलं की कबरीवर जाऊन येतं, पावसानं पुसलेला ठिपका पुन्हा लावतं. दफनभूमीचा पहारेकरी आता विचारत नाही. कॉलेजची पोरं हातोड्या घेऊन टेकडीवर येतात, त्यांच्याजवळ चुना नसला तर गावातली एखादी म्हातारी आपल्या डबीतला देते, दगड मात्र त्याशिवाय उचलू देत नाही. शंखाई जागच्या जागी आहे, तिच्या पाठीचा मासा पुन्हा कुणी बघितलेला नाही आणि कुणाला बघायचाही नाही. आणि आजही नवी सून माप ओलांडायला उंबऱ्याशी आली, की सासू तिला थांबवून विचारते, आभाळ कुठं आहे? शिकवलेली पोरगी वर बघत नाही. ती वाकते आणि उंबऱ्यावरच्या ठिपक्याला बोट लावते.