ट्रकमध्ये मूळचं काय?

आबा शेलटकरांनी लष्कराच्या लिलावात चारही चाकांनी ओढणारा जुना ट्रक घेतला. पण आरटीओत पासिंग काही होईना. दर फेरीला निरीक्षक घोरपडे एक दोष काढून 'नापास' लिहीत आणि आबा तो भाग बदलून आणत. ब्रेक झाले, दिवे झाले, स्टिअरिंग झालं, इंजिन झालं, शेवटी केबिनही झाली.

सहाव्या फेरीला घोरपडे गरजले, "अहो आबा, यात मूळचं राहिलंय काय? नापास! घाला भंगारात!"

आबांनी जुने पाचही अहवाल बॉनेटवर ओळीने मांडले.

"साहेब, बदललं ते सगळं तुमच्याच सहीनं. मूळचं एकच राहिलंय."

"कुठलं?"

"तुमचा शेरा. तेवढा बदला, की गाडी पूर्ण झाली."

रांगेतले ड्रायव्हर खो खो हसले. घोरपड्यांनी सहाव्या अहवालातल्या 'नापास'मधला 'ना' खोडला.