दोन तीरांचा राखाडी

नद्यांना अजून नावं पडायची होती, त्या काळात नदीकाठच्या एका कड्याखाली भिंगरी पक्ष्यांचं जोडपं घर बांधायला आलं. चोच भरून चिखल आणायचा आणि खडकाला चिकटवायचा, ही त्यांची रीत.

नदीच्या अलीकडचा चिखल पहाटेच्या धुक्यासारखा राखाडी होता. पलीकडचा सांजेच्या ढगासारखा, किंचित गडद.

"अहो, अलीकडचा घेऊ या. घर कसं उजळ वाटेल," भिंगरी म्हणाली.

"अगं, उजेडात पिल्लांना झोप कशी लागायची? पलीकडचाच बरा," नर म्हणाला.

दोघांनी खडकावर एकेक ठिपका लावून बघितला. सकाळी एक आवडायचा, दुपारी दुसरा. ठिपका सुकायला लागला की त्यावर लगेच ओला चिखल लावायचे, कारण रंग त्यांना ताजाच बघायचा होता. असे आठ दिवस गेले. भिंगरीला उडताना धाप लागू लागली.

"अंडी काही आपल्यासाठी थांबायची नाहीत," ती म्हणाली आणि उठून अलीकडचा चिखल आणू लागली. तो रुसून पलीकडचा आणत राहिला. कुणी कुणाच्या चोचीकडे बघेना.

घरटं झालं, अंडी आली, उन्हानं भिंती खडखडीत वाळल्या. एका संध्याकाळी तो घरट्याच्या काठावर बसून बराच वेळ भिंत न्याहाळत राहिला.

"अगं, यातला माझा चिखल कुठला?"

अंड्यांवर पिसं फुगवून बसलेल्या भिंगरीनं मान वळवली.

"मी पण सकाळपासून माझाच शोधतेय," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी थोडी सरकून बसली.