कोष्ट्याची आई आणि वीतभर कापड

नदीकाठच्या एका गावात एक कोष्टी राहायचा. गावाचं नाव विचारू नका, अशी गावं पायलीला पन्नास असतात.

हा कोष्टी रेशमी लुगडी विणायचा. हातात अशी कला की पदरावरचा मोर आता ओरडतोय की काय, असं वाटावं. लुगडं विकताना तो प्रत्येक बाईला एक गोष्ट हटकून सांगायचा. "बाई, पेटीत ठेवून विसरू नका हं. दर महिन्याला बाहेर काढा, घडी मोडा आणि दुसरीकडून घाला. एकाच घडीवर पडून राहिलं की रेशीम तिथंच विरतं. वरून काही कळत नाही. उलगडायला जावं तर हातात चिंध्या."

आणि तो नुसता सांगायचा नाही, पाळायचाही. त्याच्या घरच्या पेटीत आईचं लग्नातलं जांभळं लुगडं होतं. त्याच्या बापानं स्वतः विणलेलं. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. दर पौर्णिमेला हा ते लुगडं काढायचा, मांडीवर घेऊन घडी बदलायचा आणि पुन्हा ठेवायचा. एक पौर्णिमा चुकली नाही. आई म्हणायची, "मी जाईन तेव्हा हेच घाल रे माझ्या अंगावर."

एके दिवशी आई ओट्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. हाड बसवणारा आला, त्यानं हात टेकले. म्हातारी अंथरुणाला खिळली ती खिळलीच.

मुलाचा आईवर जीव होता, हे आधीच सांगते. उगाच त्याला दुष्ट ठरवून मोकळं होऊ नका. त्यानं आईची खाट माजघरातून काढून पुढच्या सोप्यात आणली, दाराकडे तोंड करून. खाली रेशमी गादी, डोक्याखाली उंच उशी. म्हणाला, "आई, पाठीवर नीज. येणारी-जाणारी माणसं दिसतील, तुला करमेल."

तिला करमलं. लोकांनाही करमलं! जो तो सोप्यात डोकवायचा आणि म्हणायचा, "वा! असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." कोष्टी मान खाली घालून ऐकायचा. पण ऐकायचा बरं का, कान देऊन.

दोन महिने झाले. एक दिवस चादर बदलताना सुनेनं सासूला जरा उचललं आणि बघते तर काय, माकडहाडावर लिंबाएवढी जखम. कडा काळ्या, आत पू, आणि वास असा की नाकाला पदर लावावा.

"आत्याबाई, बोलला का नाहीत?"

"काय बोलू ग? आधी दुखत होतं. मग दुखायचं थांबलं. म्हटलं बरं झालं असेल."

कोष्ट्यानं लगेच मोठ्या गावचा वैद्य आणला. त्यानं चांदीच्या डबीतून लेप दिला. जखम वाढली. दुसरा वैद्य आला, त्यानं केशर घातलेला लेप दिला. जखम आणखी वाढली. वास लपवायला कोष्ट्यानं सोप्यात चारी कोपऱ्यांत धूप लावला. लोक म्हणाले, "काय तो थाट! देऊळच केलंय आईचं."

सुनेला राहवेना. ती ओढ्यापलीकडच्या सुईणीला घेऊन आली. ही सुईण बाळंतपणं करायची, तशा चिघळलेल्या जखमाही धुवायची. तोंडाची फटकळ. आली तशी आधी तिनं धूप विझवला. मग म्हातारीला हळूच कुशीवर वळवलं, जखमेशी वाकून बघितलं, वास घेतला.

"लेपाला काय करायचंय?" ती कोष्ट्याला म्हणाली. "तुझी आई दोन-अडीच महिने एकाच जागेवर टेकून आहे. सगळा भार त्या हाडावर. लेप वरून लावतोस आणि जखम खालून दाबतोस. कशी भरेल बाबा?"

"मग औषध कोणतं?"

"कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं रोज धुवा. मेलेली कातडी सुटेल तशी मी काढीन. मध लावून स्वच्छ कापडाची पट्टी ठेवा. अंगात रक्त नाही तिच्या, दूध-वरण भरवा. हे झालं चार आण्यांचं. बाकीचे बारा आणे औषध म्हणजे कूस बदलणं. डावी, उजवी, डावी, उजवी. पाठीवर मुळीच नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा अधांतरी. तू माग चालवतोस ना? वीतभर कापड विणून झालं की उठायचं आणि आईला वळवायचं. हेच तुझं माप."

"एवढंच?" कोष्टी म्हणाला. त्याचा विश्वास बसेना.

"एवढंच! करून बघ, मग कळेल एवढंच म्हणजे केवढं."

करून बघितलं. वीतभर कापड झालं की माग थांबायचा. तो खांद्याकडून धरायचा, सून कमरेकडून, आणि दोघं म्हातारीला वळवायची. रात्री सून एकटीच उठायची. कंटाळवाणं काम. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. म्हातारीचं तोंड निम्मा वेळ भिंतीकडे असायचं. दारात आलेली माणसं तिची पाठ बघून परत जायची. कुणी वाहवा करेना.

पण दीड महिन्यात वास गेला. काळ्या कडा सुटल्या. आत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ताजं मांस दिसू लागलं. सुईण पहिल्यांदा हसली. "खालून भरत येतेय. अशीच भरली पाहिजे, तळापासून. आणखी दोन महिने. आता घाई नको आणि खाडाही नको."

आणि नेमका तेव्हाच राजाचा निरोप आला.

कोष्ट्याची कीर्ती उशिरा का होईना, राजवाड्यापर्यंत पोचली होती. अशा पुत्राचा सत्कार करायला राजा स्वतः येणार होता.

कोष्ट्यानं सोपा सारवला, गादी झटकली आणि आईला पाठीवर निजवायला गेला. सून आडवी आली. "अहो, सुईणीनं काय सांगितलंय?"

"अग, राजा येतोय! राजाकडे पाठ करून निजवू का आईला? एका दिवसानं काय होतंय!"

सुनेनं सासूकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "राहू दे ग. त्याला बरं वाटतंय. मी सोसेन."

आई ती. काय बोलायचं तिला?

राजा आला, त्यानं शाल दिली, चार शब्द बोलला आणि गेला. पण राजा जिथं जातो तिथं मागून लोक जातात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची माणसं आली. तिसऱ्या दिवशी बैलगाड्या भरून आली. शाल बघायची, म्हातारी बघायची, मुलाच्या तोंडून सेवा ऐकायची. कोष्टी दिवसभर सोप्यात बसून सांगत होता, आईला कसं भरवतो, आईला कसं न्हाऊ घालतो. माग बंद पडला. वीतभर कापड होईना, म्हणून कुणी उठेना. मापच बंद पडलं.

सुनेनं रोज सांगितलं. "अहो, त्यांना वळवायचंय."

"ही माणसं जाऊ देत."

ती जायची, दुसरी यायची. सोप्यात परक्या माणसांची गर्दी, एकटीनं म्हातारीची पाठ उघडी कशी करणार? रात्री ती वळवायची, पट्टी बदलायची आणि रोज पट्टी आदल्या दिवसापेक्षा जास्त भिजलेली असायची. मग पट्टीला पुन्हा तो वास आला. ती नवऱ्यापुढे पट्टी घेऊन गेली. त्यानं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "धूप लाव."

सोळाव्या दिवशी म्हातारीला ताप भरला. सून धावत जाऊन सुईणीला घेऊन आली. सुईणीनं जखम बघितली. आत बोट जाईल एवढी पोकळी झाली होती, तळाशी हाड दिसत होतं. तिनं पट्टी परत ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि उठून घराची वाट धरली.

अठराव्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. जाताना म्हणाली, "बाळा, आता तरी कुशीवर निजव रे." त्यानं निजवली. स्वतःच्या सुखासाठी तेवढं एकच तिनं आयुष्यात मागितलं होतं, आणि ते उशिरा मिळालं.

मग तिच्या इच्छेप्रमाणे कोष्ट्यानं पेटी उघडली आणि जांभळं लुगडं काढलं. उलगडलं. पन्नास वर्षांचं रेशीम, काठापासून काठापर्यंत लखलखत होतं. एक धागा विरला नव्हता. एक घडी फाटली नव्हती.

कोष्टी ते हातात धरून उभाच राहिला. लोक म्हणाले, "घाला आता, वेळ होतोय." तो म्हणाला, "हे मी जपलं हो. हे मी दर महिन्याला जपलं." आणि मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडला. त्याची समजूत घालायला त्या दिवशी बैलगाड्या आल्या नाहीत.

पुढे तो पुन्हा विणू लागला. हात तसाच होता, पदरावरचे मोरही तसेच. फक्त एखादी बाई लुगडं घेऊन विचारायची, "दादा, हे जपायचं कसं?" तेव्हा त्याला घडीचं ते जुनं वाक्य बोलवत नसे. तो उलट विचारायचा, "बाई, घरी कुणी अंथरुणाला खिळलंय का?" ती हो म्हणाली, की माग अर्धा टाकून तो उठायचा. "चला. लुगड्याचं मागून सांगतो, आधी त्यांची कूस बदलू."

तात्पर्य काय, तर आजाऱ्याची सेवा त्याच्या दुखऱ्या बाजूनं मोजावी, बघणाऱ्यांच्या बाजूनं नाही.